नाद आणि नजर



जळगावच्या सराफ बाजारात मी पहिल्यांदा गेलो तो आजीचं बोट धरून. तिच्या पदराच्या गाठीत चांदीचे पाच जुने रुपये होते. सराफकाकांनी एकेक रुपया अंगठ्यानं उडवून फरशीवर टाकला. चार खणखणले, पाचवा बद्द वाजला. दिसायला तो बाकीच्यांसारखाच होता, उलट जरा जास्तच चकचकीत. काकांनी तो उचलून उजेडाकडे धरला, तेव्हा कुठे कडेपासून आत गेलेली केसाएवढी चीर दिसली. आजी म्हणाली, "मी रोज देखस, माले कशी नही दिसनी?" काका म्हणाले, "माय, आधी ऐकू आली, म्हणून मग दिसली."

पुढे आयुष्यभर मी शिकवत राहिलो, आणि त्या एका वाक्याभोवतीच फिरत राहिलो. आपल्याला वाटतं, डोळे आपलं काम करतात, कान आपलं. प्रत्यक्षात ही दोघं एकमेकांच्या कामात सारखी ढवळाढवळ करत असतात, आणि तीही आपल्या नकळत. १९७६ साली इंग्लंडमध्ये हॅरी मॅगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर बाईचे ओठ 'गा' म्हणत होते, आवाज मात्र 'बा'चा जोडलेला होता. बहुतेक मोठ्या माणसांना ऐकू आलं 'दा'. डोळे मिटले की 'बा', उघडले की पुन्हा 'दा'. गंमत कळल्यावरही ती जात नाही. मी स्वतः किती वेळा पाहिलं, ऐकू येतं ते 'दा'च. करोनाच्या काळात मास्क लावलेल्या सरांचं बोलणं नीट कळत नव्हतं, हे तुम्हाला आठवत असेल. आवाज थोडा दबत होता हे खरं, पण ओठ झाकले गेले होते आणि कानाचा जोडीदार घरी बसला होता.

आता आपल्याच मातीतली एक गोष्ट सांगतो. ती जगभरच्या पक्षिशास्त्रज्ञांना माहीत आहे, खानदेशातल्या मुलांना मात्र क्वचितच.

पिंगळा तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय. तिन्हीसांजेला वडावर, चिंचेवर ज्याची भांडकुदळ कचकच चालते, तो. त्याचाच एक रानातला भाऊबंद आहे, रानपिंगळा. १८७२ साली ब्लूइट यांना तो मध्य भारतात सापडला आणि पुढच्या वर्षी अ‍ॅलन ह्यूम यांनी त्याचं वर्णन केलं. मग जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्यानं आपल्या शहादा-तळोद्याकडच्या रानातून काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर पक्षी गायब. जगभरच्या संग्रहालयांत मिळून उरले सात नमुने, पेंढा भरलेले, मुके. त्याच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण कुठे नव्हतं.

बरं, त्या सातांतल्या एकाच्या पायाला खोटी चिठ्ठी होती. गुजरातेतलं मांडवी, साल १९१४. कर्नल माइनर्टझहागेन यांनी डेव्हिडसन यांचाच जुना नमुना संग्रहालयातून चोरला, नव्यानं भरला आणि आपल्या नावावर खपवला. पक्षिशास्त्रज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी हे टाक्यांवरून आणि कापसावरून उलगडलं. चिठ्ठी वाचून चुकीच्या जागी शोध घेणाऱ्यांचे किती दिवस वाया गेले असतील, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो. वस्तूवर नाव लिहिलेलं असलं की डोळा पुढे पाहतच नाही.

खोटी चिठ्ठी बाजूला काढल्यावर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट आधी पूर्वेकडच्या जुन्या नोंदींच्या जागांवर फिरले. तिथे काही मिळालं नाही. मग ते शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी आले. २५ नोव्हेंबर १९९७. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होता, नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला. सकाळच्या उन्हात निष्पर्ण झाडावर एक पिंगळा बसलेला दिसला. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याच्या डोक्यावर जवळपास नव्हतेच. शेपटीवर ठसठशीत पट्टे, पोट पांढरं, पायांवर पांढरी पिसं. ११३ वर्षांनी ओळख पटली ती निव्वळ डोळ्यांनी, कारण कानाजवळ तुलनेला काहीच नव्हतं.

पुढच्या दोन वर्षांत फराह इश्तियाक आणि रासमुसेन यांनी त्याचे आवाज टिपून प्रसिद्ध केले. पिंगळ्याची कचकच कुठे आणि ही मऊ, शिट्टीसारखी आखूड साद कुठे! त्यानंतर शोधाची रीतच पालटली. मेळघाटात, आपल्या यावलच्या रानात, आधी साद ऐकायची, मग फांदी शोधायची. नजर तीच होती, पण आता तिला कुठे पाहायचं ते कळत होतं.

हे मी आज का सांगतोय? तुमच्यापैकी अनेकजण उद्या पुण्या-मुंबईत मुलाखतीला जातील आणि तोंडातून 'केळी'ऐवजी 'केयी' जाईल, 'डोळा'ऐवजी 'डोया' जाईल. माझ्याही तोंडून गेलं होतं. समोरच्यांनी माझी गुणपत्रिका पाहिली होती, पण त्या एका शब्दानंतर ते माझं ऐकेनासे झाले. मी पुढे जे बोललो ते चांगलं होतं, हे मी आजही छातीठोक सांगतो. याची उलट बाजूही आहे. १९९२ साली अमेरिकेत डोनाल्ड रुबिन यांनी विद्यार्थ्यांना एकाच स्त्रीच्या आवाजातलं व्याख्यान ऐकवलं. काहींसमोर गोऱ्या बाईचा फोटो ठेवला, काहींसमोर आशियाई बाईचा. आवाज तोच असूनही आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना उच्चार परका वाटला, आणि विषयही कमी समजला. चेहऱ्यावरच्या चिठ्ठीनं त्यांचे कान झाकले.

उद्या तुम्ही टेबलाच्या पलीकडे बसाल. तुमच्यासमोर कुणी पाडळद्याचा, कुणी अक्कलकुव्याचा मुलगा येईल. तो पावरी बोलेल, भिली बोलेल. कानानं एक सांगितलं आणि डोळ्यानं दुसरं, तर कुणालाही गप्प करू नका. रुपया पुन्हा उडवा, पुन्हा उजेडाकडे धरा. ज्या बहिणाबाईंचं नाव आपल्या विद्यापीठाला आहे, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचं गाणं त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, कान देऊन ऐकलं, उतरवून घेतलं, म्हणून १९५२ साली ते पुस्तकात आलं.

आता थोड्या वेळात पदवीसाठी तुमची नावं पुकारली जातील. तुम्ही सगळे सारख्याच पोशाखात आहात. मागच्या रांगेतल्या मायला इतक्या लांबून तिचं लेकरू ओळखू येत नाहीये. मघापासून मी तिला पाहतोय, ती एकेका रांगेवरून नजर फिरवतेय आणि पुन्हा पहिल्या रांगेवर येतेय. भोंग्यातून नाव ऐकू येईल तेव्हा ती शेजारणीचा हात धरून उठेल आणि म्हणेल, "हाऊ देख, मना पोऱ्या."