बांधावरचा पीकपेरा



सातबाऱ्यातला सात नंबरचा नमुना सांगतो जमीन कोणाची, आणि बारा नंबरचा सांगतो तीत काय पेरलंय. हा बारा नंबर वर्षानुवर्षं तलाठी भरत आले. एकेका तलाठ्याकडे तीन-चार गावं, ते प्रत्येक बांधावर पोहोचणार कधी? मग चावडीत बसून, चार माणसांना विचारून पीकपेरा लागायचा. रानात सोयाबीन उभं आणि उताऱ्यावर ज्वारी, असे सातबारे खेड्यापाड्यांत अनेकांनी पाहिले आहेत.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर मोबाईल ॲपवरची ई-पीक पाहणी सुरू झाली आणि ही नोंद खुद्द शेतकऱ्याच्या हातात आली. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. आपल्या पिकाची साक्ष आपण द्यायची, हा मान शेतकऱ्याला याआधी कागदावर कधी मिळाला नव्हता.

प्रत्यक्षात हे कसं चालतं? आमच्याकडे बारावीतली एक मुलगी शेजारच्या काकूंचा पीकपेरा लावत होती, तेव्हा मी बांधावर होतो. गट नंबर निवडला, खरीप निवडला. मग तिने विचारलं, “काकू, पाणी विहिरीचं लावू का बोअरचं?”

“विहिरीचंच लाव बाई. बोअर कधीच आटलं.”

सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी होत्या, म्हणून निर्भेळ पीक चालेना, मिश्र पीक घ्यावं लागलं. काकू बोलतात एकरात आणि ॲपला लागतं हेक्टर-आर. एकराचे चाळीस आर, त्यातले तुरीचे किती आणि सोयाबीनचे किती, हा हिशेब दोघींनी ओळी मोजून केला. मग पिकात उभं राहून फोटो. फोटोबरोबर अक्षांश-रेखांश जातात, त्यामुळे घरी ओट्यावर बसून भागत नाही. रानात रेंज नव्हती, म्हणून माहिती पाठवायला त्या देवळाच्या पारापर्यंत चालत आल्या. त्या तासाभरात ती मुलगी सातबारा वाचायला शिकली. शाळेत तो कोणी शिकवत नाही, खरं तर शिकवायला हवा.

ही नोंद राहून गेली तर काय होतं? २०२३च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपयांची मदत जाहीर झाली, तेव्हा आधार धरला गेला तो ई-पीक पाहणीच्या नोंदीचा. ज्यांनी पेरलं, राबले, पण मोबाईलवर नोंद केली नाही, त्यांची नावं यादीत दिसेनात. पुढे सातबाऱ्यावरची नोंदही ग्राह्य धरण्याचा निर्णय झाला, पण तोवर लोकांचे हेलपाटे झालेच होते. हमीभावाच्या खरेदी केंद्रावरही पीकपेरा लागतो.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती बायकांची. सातबारा बाईच्या नावावर, पण नोंदवलेला मोबाईल मुलाचा, आणि मुलगा पुण्याला कामाला. ओटीपी जातो त्याच्या फोनवर. तो कंपनीत शिफ्टमध्ये, फोन लॉकरमध्ये. इकडे बाई रानात उभी आणि ओटीपीची वेळ संपून जाते. जमीन तिच्या नावावर व्हावी म्हणून या राज्यात बायकांनी वर्षानुवर्षं लढा दिला. त्या जमिनीची नोंद करायला तिने पुन्हा दुसऱ्याच्या फोनची वाट पाहायची, हे मला पटत नाही.

एकाच मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, म्हणून गावागावांत त्या बारावीतल्या मुलीसारखी मुलंमुली अख्ख्या आळीचा पीकपेरा लावतात. शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर उरलेल्या नोंदींसाठी आता सहायकही नेमले जातात. ही सोय चांगली आहे, पण सहायक कोण, कोणत्या दिवशी कोणत्या शिवारात येणार, हे ज्यांच्याकडे मोबाईलच नाही त्यांना कळवायचं कसं? तेही व्हॉट्सॲपवर टाकलं जातं!

ग्रामपंचायतीने मुदत संपायच्या पंधरा दिवस आधी नोंद राहिलेल्या गटांची यादी फळ्यावर लावावी आणि गावात दवंडी द्यावी. सहायक नेमताना मुलींचा आधी विचार व्हावा, कारण एकटी बाई आपल्या रानात त्यांना निर्धास्तपणे घेऊन जाईल. आणि ज्या घरात दोन फोन आहेत, त्यांतला एक जिच्या नावावर सातबारा आहे तिच्या हातात राहू द्या.