बिरसी ते हैदराबाद : अंतर आणि वेळ



धानाच्या बांधीत रोवणी चालू असताना डोक्यावरून विमान गेले, की आपण कंबर सरळ करून वर पाहतो. पोरे विचारतात, "हे कुठं चाललं? किती वेळात पोचेल?" आज या प्रश्नाचाच हिशेब करू या.

गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी इंग्रजांच्या अमदानीत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तयार झाली. प्रवाशांची नियमित विमानसेवा मात्र तेथून सुरू झाली ती मार्च २०२२ मध्ये. ती काही महिन्यांत थांबली. पुढे १ डिसेंबर २०२३ पासून हैदराबाद-तिरुपतीकडे विमान जाऊ लागले.

आता अंतर. गुरुजी, हे गणित फळ्यावर मुलांकडून अवश्य करवून घ्या. बिरसी सुमारे २१.५ उत्तर अक्षांशावर आहे. हैदराबादचा विमानतळ १७.२ वर. फरक ४.३ अंशांचा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. म्हणजे दक्षिणेकडे ४७७ किलोमीटर झाले. रेखांशांत फरक १.९ अंशांचा. आपल्या भागात रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटर भरतो. पश्चिमेकडे झाले २००. काटकोन त्रिकोणाच्या या दोन बाजू. कर्ण काढा; तो येईल सुमारे ५१७ किलोमीटर. हीच विमानाची सरळ वाट.

लहान मार्गावरचे पंख्याचे विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जाते. मग तासाभरात पोचायला हवे, नाही का? पण वेळापत्रकात वेळ जास्त दिसतो. कारण विमान आधी जमिनीवरून हळूहळू धावपट्टीपर्यंत जाते, चढताना त्याचा वेग कमी असतो, उतरण्यापूर्वी कधी आकाशात थांबून पाळी यावी लागते. समोरून वारा असला तर आणखी उशीर.

आणि खरा हिशेब तर याच्याही पुढे आहे. समजा, हैदराबादला कामाला गेलेला मुलगा दवाखान्यात आहे, असा देवरीच्या एका माउलीला फोन आला. तिकीट काढून देणारा म्हणतो, "सव्वा-दीड तासाचं काम आहे." पण देवरीहून बिरसीपर्यंत दीड-दोन तास मोडतात. सामान देणे, तपासणी यांसाठी सुटण्याच्या दोन तास आधी पोचलेले बरे. तिकडे उतरल्यावर शहरात जायला तासभर. म्हणजे सव्वा-दीड तासाच्या उड्डाणासाठी सहा-साडेसहा तास हाताशी हवेत. हे ठाऊक नसेल, तर विमान डोळ्यांदेखत निघून जाते आणि धान विकून काढलेल्या तिकिटाचे पैसेही बुडतात.

म्हणून जवळच्या गावाला विमानाचा उपयोग नाही. बिरसी ते नागपूर हवाई अंतर सुमारे १३७ किलोमीटर. उड्डाण अर्ध्या तासाचे झाले, तरी आधीचे दोन तास चुकत नाहीत. तेवढ्यात रेल्वे आपल्याला गोंदियाहून नागपूरला पोचवते, बरं का! अंतर लांबत जाईल, तसा विमानाचा लाभ वाढत जातो.

तेव्हा मंडळी, प्रवास विमानाचा असो वा गाडीचा, वेळ मोजायची ती आपल्या घराच्या उंबरठ्यापासून, ज्याला भेटायचे त्याच्या उंबरठ्यापर्यंत. आणि निघण्याआधी त्या दिवशीचे विमान आहे ना, याची खात्री करून घ्यावी. वेळापत्रके बदलत असतात.