तोतयांचे नवे बंड



तोतया हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी ती गोष्ट अखेरपर्यंत मानली नाही आणि सौभाग्यचिन्हेही उतरविली नाहीत. पुढे ‘मीच भाऊ’ म्हणणारा एक इसम उभा राहिला. त्याच्याभोवती माणसे जमली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, आणि शेवटी चौकशी होऊन १७७६ साली पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. तो इतकी वर्षे टिकला कशावर? सोंग हुबेहूब होते म्हणून नव्हे. दूरच्या रणांगणावरून आपला माणूस परत यावा, या लोकांच्या इच्छेवर तो टिकला.

आज आम्ही ज्या तोतयांविषयी बोलणार आहोत, त्यांचे भांडवलही हेच आहे. फरक एवढाच, की ते मोबाइलच्या पडद्यावरून येतात. एके दिवशी मैत्रीची विनंती येते. छायाचित्रात अमेरिकन लष्कराच्या गणवेशातला, पन्नाशीचा, भारदस्त पुरुष. तो विधुर आहे, त्याला एक लहान मुलगी आहे, आणि त्याची नेमणूक सीरियात आहे. रोज सकाळ-संध्याकाळ विचारपूस. पंधरा दिवसांत जिवाभावाच्या गोष्टी. महिन्याभरात लग्नाचे वचन. आणि मग पहिली अडचण: तुला भेटायला येण्यासाठी रजा हवी, आणि रजेची फी भरायला माझ्याजवळ आज पैसे नाहीत.

सोंगासाठी शिपाईगिरीच का निवडली जाते, याचा विचार करण्यासारखा आहे. भामट्याला भेटता येत नाही. शिपायालाही येत नाही, कारण तो मोर्चावर आहे. भामटा तोंड दाखवीत नाही; शिपायाला सुरक्षेसाठी मनाई आहे. भामटा चार दिवस गप्प बसतो. शिपायाच्या छावणीवर हल्ला झालेला असतो. म्हणजे ज्या ज्या गोष्टीने संशय यावा, ती ती गोष्ट गणवेश घालताच सद्गुण होऊन बसते. आणि ज्याचा जीव धोक्यात आहे, त्याच्याजवळ हिशेब मागणे आपल्याला हलकेपणाचे वाटते. जिथे घरोघर कोणी ना कोणी फौजेत गेलेले आहे, त्या मुलखाला हे वेगळे सांगायला नको.

ही छायाचित्रे बहुधा खऱ्या माणसांची असतात. ब्रायन डेनी हे अमेरिकन सैन्याचे निवृत्त कर्नल. त्यांची छायाचित्रे चोरून हजारो खोटी खाती उघडली गेली. त्यांनी न पाहिलेल्या बायका त्यांना वचनभंगाचा जाब विचारू लागल्या. शेवटी त्यांनी या फसवणुकीविरुद्ध जाहीर मोहीमच हाती घेतली. गणवेशाची चोरी ही अशी दुहेरी असते: एकीकडे विश्वास ठेवणारी लुटली जाते, दुसरीकडे शिपायाचे नाव.

हा एकट्यादुकट्याचा उद्योगही नव्हे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिस येथे ८० जणांविरुद्धचे आरोपपत्र उघड झाले. त्यांतले बहुतेक नायजेरियाचे नागरिक होते. त्या प्रकरणातील एका जपानी स्त्रीची सीरियातला अमेरिकन कप्तान म्हणविणाऱ्याशी पत्रमैत्री जुळली होती. त्याला म्हणे हिरे सापडले होते आणि ते बाहेर काढायचे होते. दहा महिन्यांत तिने बहिणीकडून, घटस्फोटित पतीकडून, मित्रमंडळींकडून उसने घेऊन २,००,००० डॉलरांहून अधिक रक्कम धाडली. कोणी प्रेमाचा मजकूर लिहितो, कोणी बँकेत खाती उघडतो, कोणी पैसा पुढे सरकवितो, अशी ही वाटणी असते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २०२२ या एकाच वर्षात प्रेमाच्या नावाखालील फसवणुकीच्या सुमारे ७०,००० तक्रारी आल्या. बुडालेला पैसा १३० कोटी डॉलर.

मग तोतया ओळखावा कसा? खुद्द अमेरिकन लष्करानेच वारंवार जाहीर केले आहे, की रजेसाठी सैनिकाला किंवा त्याच्या माणसांना काहीही भरावे लागत नाही. औषधपाणी लष्कर करते. आणि लष्करी ई-मेल पत्त्याचा शेवट ‘डॉट मिल’ असा असतो. छायाचित्र गूगलच्या चित्रशोधात घालून पाहिले, तर तोच चेहरा अनेकदा दुसऱ्या नावाने भेटतो. आता यंत्राने बनविलेला चेहराही हलतो-बोलतो, म्हणून पडद्यावर पाहिले एवढ्यावर भिस्त ठेवू नये. कसोटी एकच: न भेटलेल्या माणसाने पैसे मागितले, की परीक्षा संपली.

आमच्याकडे या नाटकाला आणखी एक अंक जोडला जातो. ‘तुझ्यासाठी भेट पाठविली आहे’ असे तो कळवितो, आणि दोन दिवसांनी ‘दिल्लीच्या विमानतळावरून कस्टम अधिकारी बोलतोय’ असा दूरध्वनी येतो. पार्सलात परकी चलन सापडले आहे, दंड भरा, नाहीतर अटक होईल! कस्टम खाते कोणाच्या खासगी खात्यात पैसे भरून घेत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ.

येथे आम्हांला आमची एक चूक सांगितली पाहिजे. आमची हयात बँकेच्या खिडकीमागे गेली. आमच्या परिचयाच्या एक निवृत्त शिक्षिका. यजमान जाऊन सहा वर्षे झालेली, मुलगा परदेशी. एका सकाळी त्या आल्या आणि म्हणाल्या, “साहेब, कस्टममधून पार्सल सोडवायला साधारण किती लागतात हो?” चार प्रश्नांत सगळा प्रकार आमच्या ध्यानात आला, आणि आम्ही हसलो. “बाई, या वयात?” असेही बोलून गेलो. त्या उठून गेल्या. त्यानंतर त्यांनी आणखी दोनदा पैसे भरले. पाटल्या गहाण ठेवायची वेळ आली तेव्हा ते आमच्या कानी आले. पुढे त्या एवढेच म्हणाल्या, “मला त्या दिवशीच शंका होती, म्हणून तर आले होते. पण तुम्ही हसलात. तो कधी हसला नव्हता.”

त्या दिवशी भामट्याचे काम आम्ही केले. एकटेपणा त्याला दार उघडून देतो. पण आतून कडी लावते ती लाज. मुलगा काय म्हणेल, शेजारी काय म्हणतील, या भीतीने माणूस गप्प बसतो, आणि ही गप्पच तोतयाची खरी फौज आहे.

म्हणून ज्यांच्यावर प्रसंग आला असेल त्यांनी संदेश पुसून टाकू नयेत. ते पुरावे आहेत. ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे आणि बँकेला सांगावे. जितकी घाई, तितकी पैसा अडविण्याची आशा अधिक. बुडालेले पैसे मिळवून देतो म्हणून फी मागणारा पुढे येईल, तोही त्याच टोळीतला समजावा.

आणि आपण बाकीच्यांनी काय करावे? कोणी दबक्या आवाजात असा प्रश्न विचारायला आले, तर त्यांना बसवावे, चहा करावा, आणि शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. पुण्यातल्या त्या तोतयाचा निकाल उघड चौकशीने लागला. या तोतयांचाही तसाच लागेल. पण त्यासाठी आधी बोलणाऱ्याला हसू न येणारे माणूस भेटले पाहिजे.