मृगापासून मोजायचं वर्ष
(उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान, उदगीर)

वैशाखाच्या या काहिलीत परसबागेवर बोलायला बोलावलंत, ही वेळ मला योग्य वाटते. यंदा कुणाचे टोमॅटो फुलले पण धरले नाहीत, कुणाची कोथिंबीर वीतभर होण्याआधीच फुलावर गेली. खत घालूनही असं का झालं, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. बहुतेक वेळा खताचा दोष नसतो, वेळ चुकलेली असते.

बागकामाची पुस्तकं आणि मोबाईलवरचे व्हिडिओ ज्या वेळापत्रकांवर चालतात, त्यांतली बरीचशी थंड देशांतून आलेली आहेत. तिकडची बाग हिवाळ्यात बंद असते. इंग्लंडमधला माणूस हिमाची भीती सरली की मे-जूनमध्ये टोमॅटो बाहेर लावतो. एकोणिसाव्या शतकात इथे आलेल्या साहेबांनाही हा पेच पडला होता. फर्मिंजर नावाच्या पाद्र्याने बंगालच्या हवेसाठी बागकामाचं वेगळं पुस्तकच लिहिलं. आपलं उदगीर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आहे. इथे बाग अडते ती उन्हाळ्यात. म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं आहे की आपल्या परसबागेचं वर्ष जानेवारीत किंवा पाडव्याला सुरू करू नका. ते मृगात सुरू होतं, थंडीत भरात येतं आणि वैशाखात विसावा घेतं.

याचा पुरावा आपल्याच सणात आहे. मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आपल्या येळवशीला, शेतात भज्जी होते. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, गाजर, मेथी, कांद्याची पात, सगळं एका पातेल्यात. इतकं माळवं एकाच दिवशी ताजं मिळतं, तो काळ म्हणजे आपल्या बागेचा कळस. तिथून मागे मोजत आलं की लावणीची वेळ आपोआप सापडते.

टोमॅटोचंच घ्या. त्याची फळधारणा रात्रीच्या हवेवर फार अवलंबून असते. रात्री 15 ते 20 अंशांच्या आसपास असल्या तर फूल धरतं. दिवसा पारा 35 च्या पुढे गेला आणि रात्रीही उतरेना, की पराग निकामी होतात आणि फूल देठापासून गळतं. झाड हिरवंगार दिसतं म्हणून आपण आणखी खत देतो, त्याने पानंच वाढतात. फळं डिसेंबर ते फेब्रुवारीत हवी असतील तर रोप ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात टाकायचं आणि लावण दसऱ्याच्या आसपास उरकायची. फेब्रुवारीत नवा टोमॅटो लावणं म्हणजे त्याला ऐन फुलात मार्चच्या तोंडी देणं.

फुलकोबीत तर वाणावरच सगळं ठरतं. पुसा दीपाली, पुसा कातकी हे वाण उबदार हवेतही गड्डा धरतात, स्नोबॉलला खरी थंडी लागते. पाकिटावर नुसतं ‘फुलकोबी’ लिहिलेलं बी घेऊ नका, वाणाचं नाव विचारा. मुळ्यात पुसा चेतकी हा गरम दिवसांसाठीच काढलेला आहे. एक साधा तापमापक सावलीत टांगा आणि रोज पहाटेचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. दोन वर्षांत तुमच्या अंगणाचं पंचांग तयार होईल. रात्री पूर्वीसारख्या लवकर गार होत नाहीत असं आपण सगळेच म्हणतो, तर ते आपल्या हाताने नोंदलेलं असावं.

आता उन्हाळा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर. ते दिवस ज्यांनी काढले त्यांना मी उन्हाळ्यात बाग वाढवा असं सांगणार नाही. या दिवसांत बाग फक्त टिकवायची. शेवगा, कढीपत्ता, लिंबू, तोंडलीचा वेल, एवढी कायमची झाडं जगली पाहिजेत. फेब्रुवारीत पेरलेली गवार, चवळी, भेंडी जमली तर जमली. पालेभाजीत तांदुळजाचा हात धरा. ज्वारीसारखीच त्याची जात कडक उन्हातही अन्न करत राहणारी आहे. पालकाची तेव्हा अपेक्षा नको.

पाणी वाचवायला मडक्यासारखं साधन नाही. बिनझिलईचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, भरून वर झाकण ठेवायचं, भोवती वेल लावायचे. माती सुकेल तसं पाणी पाझरतं. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात ही रीत लिहिलेली आहे. काळ्या मातीला उन्हाळ्यात ज्या भेगा पडतात, त्यांतून ओल वर निघून जाते. म्हणून आळ्यात सोयाबीनचं भुसकट चार बोटं जाड पसरा. सावली करायची तर डोक्यावर नको, पश्चिमेला करा. दुपारी दोननंतरचं ऊन झाडाला मारतं. तुराट्यांचा एक उभा ताटवा पुरतो, विकतची जाळी लागेलच असं नाही.

रिकामे वाफे मात्र आत्ता कामाला लावा. वाफा चांगला भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणा, कडा मातीत दाबा आणि मृगापर्यंत तसंच राहू द्या. खालची माती इतकी तापते की रोगाच्या बुरश्या आणि बरंचसं तणाचं बी मरून जातं. लव्हाळा मात्र याने जात नाही, तो गाठीसकट खणूनच काढावा लागतो.

मृग 7-8 जूनला लागतो. पहिल्या सरीला बी टाकायची घाई नको, वीतभर ओल जाऊ द्या. काळ्या मातीत पाणी साचून मुळं कुजतात, म्हणून पावसाळ्यातलं सगळं गादीवाफ्यावर. दोडका, कारलं, अंबाडी, आणि भेंडीत परभणी क्रांती. पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या हळद्याला तोंड देणारा हा वाण आपल्याच मराठवाड्याच्या कृषी विद्यापीठात तयार झाला. त्याचं बी दरवर्षी विकत घ्यायचीही गरज नाही: दोन निरोगी झाडांच्या शेंगा झाडावरच वाळू द्या, उकलायच्या आत काढा आणि पुढच्या मृगासाठी कोरड्या बरणीत ठेवा.