शिष्यवृत्तीचा करार



युनियनच्या कचेरीत कामगार विचारतात : पोराला एका कॉलेजात पूर्ण शिष्यवृत्ती मिळते, पण त्याच्या मनाजोगे कॉलेज दुसरे, महागडे आहे, काय करावे? मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. करारनामे मात्र पुष्कळ वाचले आहेत. शिष्यवृत्ती हाही करारच. ती किती वर्षांची, किती गुणांखाली बंद होते, खाणावळ तीत धरली आहे की नुसती फी, हे आधी वाचा.

बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. अट होती १० वर्षे संस्थानच्या नोकरीची. १९१७ साली मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठवला, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे कर्ज घेतले, नि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. फुकट मिळाले तेही घेतले, आणि अडलेल्या अभ्यासासाठी कर्जही काढले!

विषय दोन्हीकडे सारखाच असेल, तर इमारतीच्या दिमाखासाठी कर्ज नको. पोराचा विषयच तिथे नसेल, तर मात्र बँकेचा हप्ता त्याच्या पहिल्या पगारातून सुटेल का, हा हिशेब त्याला शेजारी बसवूनच मांडा. बापाचा प्रॉव्हिडंट फंड त्यात धरू नका.