यॉर्कची पाटी आणि दोन अ‍ॅन

आजचा भाग छोटाच आहे, पण बरेच दिवस मनात होता.

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्क नावाचं जुनं शहर आहे. भोवती तटबंदी, आत यॉर्क मिन्स्टर हे अवाढव्य कॅथेड्रल. सगळे फोटो त्याचेच काढतात. मी मात्र सांगणार आहे ते तिथून जवळच, गुडरमगेट रस्त्यावर असलेल्या होली ट्रिनिटी या छोट्या चर्चबद्दल.

३० मार्च १८३४, ईस्टरचा रविवार. अ‍ॅन लिस्टर आणि अ‍ॅन वॉकर या दोघींनी इथे सोबत कम्युनियनचा प्रसाद घेतला. अंगठ्या आधीच दिल्या-घेतल्या होत्या. लिस्टरच्या लेखी हे लग्न होतं. कायद्याच्या लेखी काहीच नव्हतं.

मग आपल्याला कसं कळलं? लिस्टरच्या डायरीतून. सुमारे ५० लाख शब्द! त्यातला साधारण सहावा हिस्सा सांकेतिक लिपीत: ग्रीक अक्षरं, बीजगणिताच्या खुणा. ही लिपी शाळेतली. यॉर्कच्याच किंग्ज मॅनरमधल्या शाळेत तिला एलिझा रेन भेटली, तिचं पहिलं प्रेम. एलिझा जन्माने मद्रासची. वडील ईस्ट इंडिया कंपनीचे सर्जन, आई भारतीय. लिपी दोघींची होती. पुढे लिस्टर इतर मैत्रिणींत रमली. एलिझाला १८१४मध्ये वेडी ठरवलं गेलं आणि तिचं उरलेलं आयुष्य देखरेखीखाली गेलं. म्हणजे ही नुसती गोड लव्हस्टोरी नाहीये.

आता माझ्यातल्या इंजिनिअरला आवडलेला भाग. १८९०च्या दशकात घराण्यातला जॉन लिस्टर आणि त्याचा मित्र आर्थर बरेल लिपी फोडायला बसले. एका चिटोऱ्यावर वाक्य सापडलं: देव हीच माझी... आणि पुढचा शब्द सांकेतिक. तो ‘आशा’च असणार, म्हणजे इंग्रजीत ‘होप’! चार अक्षरं हाती लागली आणि रात्री दोनपर्यंत अख्खी लिपी सुटली. आम्ही याला ‘नोन प्लेनटेक्स्ट अटॅक’ म्हणतो.

पण आतला मजकूर वाचून बरेल हादरला. म्हणाला, जाळून टाक. जॉनने जाळलं नाही. घराच्या लाकडी तावदानांमागे वह्या लपवल्या. डिलीट नाही केलं, आर्काइव्ह केलं. १९८८मध्ये हेलेना व्हिटब्रेड यांनी त्या सांकेतिक भागातले निवडक उतारे पुस्तकरूपात छापले, आणि जग थक्क झालं.

जुलै २०१८मध्ये त्या चर्चवर इंद्रधनुषी कडेची पाटी लागली. त्यावर लिस्टरचं वर्णन काय, तर ‘जेंडर नॉनकन्फॉर्मिंग’ उद्योजक. स्त्री-पुरुषाच्या साच्यात न बसणारी. लोक चिडले. जी बाई बायकांवरच्या प्रेमाबद्दल आयुष्यभर इतकं स्पष्ट लिहीत होती, तिच्या पाटीवर ‘लेस्बियन’ हा शब्दच नाही? हजारोंनी सह्या केल्या. फेब्रुवारी २०१९मध्ये नवी पाटी लागली: ‘लेस्बियन आणि डायरीलेखिका’.

काहींना वाटेल, एका शब्दासाठी एवढं काय? मलाही वाटलं असतं. पण मी चार वर्षं जिच्यासोबत राहते, तिची ओळख घरी अजून ‘रूममेट’ अशीच करून देते. शब्द खोटा नाहीये. फक्त त्यात आम्ही दोघी नाही आहोत.

आईला पाठवायला या भागाची लिंक कॉपी करून ठेवली आहे. बघू.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!