युवक कृषी मेळावा आणि स्वयंसेवकांचे कार्य



धारवाडच्या सुभाष रोडवर एका माळ्यावर ‘मनोहर ग्रंथमाला’ ही कन्नड प्रकाशनसंस्था वाढली. जी. बी. जोशी यांनी १९३३ साली तिचा आरंभ केला. तो माळा (कानडीत ‘अट्ट’) लेखकांच्या बैठकीचे स्थान म्हणून प्रसिद्धीस आला. भव्य वास्तू नसतानाही नित्यनेमाने एकत्र येणाऱ्या माणसांच्या निष्ठेवर कार्य उभे राहते, हे या माळ्याने दाखवून दिले. युवकांचा कृषी मेळावा भरवू इच्छिणाऱ्या गावाने प्रथम हीच गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी.

धारवाडला शेतीविद्येची परंपराही मोठी आहे. हा जिल्हा मुंबई प्रांतात असताना, १९४७ साली, येथे कृषी महाविद्यालय सुरू झाले. १ ऑक्टोबर १९८६ रोजी कृषी विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली. वरलक्ष्मी हा संकरित कापूस १९७२ साली येथूनच शेतकऱ्यांच्या हाती गेला. रब्बीच्या तोंडावर, बहुधा सप्टेंबरात, विद्यापीठाचा कृषी मेळा भरतो. बियाणे खरेदी करावे, पिके पाहावीत, तज्ज्ञांना शंका विचाराव्यात, या हेतूने दूरदूरचे शेतकरी तेथे येतात. असा मेळा प्रत्येक गावाला भरविता येणार नाही. तथापि, चार-पाच गावांच्या युवकांचा लहान मेळावा शाळेच्या पटांगणावरही भरविता येतो. त्यासाठी पैशापेक्षा स्वयंसेवकांची अधिक गरज असते.

मेळाव्याचा दिवस एक असला तरी त्याचे काम एका हंगामाचे असते. खरिपाच्या पेरणीपूर्वीच नोंदणी सुरू व्हावी. ज्या मुलाला वा मुलीला भाग घ्यावयाचा आहे, त्याच्याकडे एखादा वाफा, भाजीची एक सरी, एक कालवड किंवा चार कोंबड्या सोपवाव्यात. पेरणीची तारीख, घातलेले खत, झालेला खर्च आणि आलेले उत्पन्न यांची टाचणवही त्याने स्वतः लिहावी. स्वयंसेवकाने महिन्यातून एकदा शेतावर जाऊन ती पाहावी. मात्र काम हाती घेऊ नये. वडिलांनी वाढविलेले कणीस मुलाच्या नावाने मांडले गेल्यास मेळाव्याचा हेतूच नष्ट होतो.

येथे एका गोष्टीचा विशेष उल्लेख आवश्यक आहे. निंदणी, खुरपणी, बियाण्याची निवड, दुभत्या जनावरांची निगा ही कामे घरातील मुली करतात. नोंद मात्र पुष्कळदा भावाच्या वा वडिलांच्या नावे होते. ज्याचे श्रम त्याचेच नाव, हा नियम नोंदणीच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेला असावा आणि तो कटाक्षाने पाळला जावा.

स्वयंसेवकांची विभागणी स्पष्ट असावी. नोंदणी, मांडणी, परीक्षण, जनावरे, पाणी व स्वच्छता, तसेच हिशेब अशी पथके करून प्रत्येकाला एक प्रमुख नेमावा. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. तिच्या पथकातील विद्यार्थी, तरुण मंडळे, महिला मंडळे आणि शिक्षक यांची या कामी मोठी मदत होऊ शकते. जनावरांच्या बाबतीत हयगय नसावी. लाळ-खुरकूत रोगाची लस मेळाव्याच्या निदान तीन आठवडे आधी टोचलेली असावी आणि आजारी जनावर आवारात घेऊ नये. लंपी चर्मरोगाच्या साथीमुळे २०२२ साली महाराष्ट्रात जनावरांचे बाजार व प्रदर्शने बंद ठेवावी लागली होती, हे विसरून चालणार नाही. सावली, पाणी आणि बैलांसाठी वेगळी जागा यांची तजवीज आदल्या दिवशीच करावी.

मेळाव्याचे मर्म मात्र परीक्षणात आहे. मंडप साधा असला तरी लोक विसरतात. पक्षपात झाला तर तो पिढ्यानपिढ्या लक्षात राहतो. यास्तव प्रत्येक नमुन्यावर नावाऐवजी क्रमांकाची चिठ्ठी असावी, परीक्षक दुसऱ्या तालुक्यातील असावेत आणि गुणांचे निकष आधीच फलकावर लावावेत. ज्वारीच्या कणसात दाण्यांचा भरगच्चपणा, एकसारखेपणा आणि किडीचा अभाव पाहिला जाईल, हे मुलांना पेरणीच्या वेळीच माहीत असले पाहिजे.

अमेरिकेतील ओहायो राज्यात ए. बी. ग्रॅहॅम या शिक्षकाने १९०२ साली शेतकऱ्यांच्या मुलांचे मंडळ सुरू केले. मका पिकविणे, माती तपासणे असे उपक्रम ही मुले करीत. पुढे त्या देशात विस्तारलेल्या ‘फोर-एच’ चळवळीचे मूळ तेथे सांगितले जाते. या चळवळीच्या मेळाव्यांत ‘डॅनिश पद्धत’ म्हणून एक रीत रूढ आहे. तीत एका मुलाची दुसऱ्याशी तुलना न करता प्रत्येक नमुना ठरलेल्या प्रमाणाशी ताडून पाहतात. दहा जणांचे काम उत्तम ठरले तर दहाही जणांना उत्तम श्रेणी मिळते. ही रीत आपल्याकडेही अनुकरणीय आहे.

त्याहून महत्त्वाचे असे की, परीक्षकाने प्रत्येक मुलाशी दोन मिनिटे बोलावे. ‘तुझ्या शेंगा भरल्या नाहीत, कारण फुलोऱ्यात पाण्याचा ताण पडला; पुढील वर्षी त्या वेळी एक पाणी दे,’ एवढे जरी सांगितले गेले तरी बक्षीस न मिळालेला मुलगा रिकाम्या हाताने परतत नाही. हरलो का, हे ज्याला कळले, तो पुन्हा पेरतो. ज्याला कळले नाही, तो शेताकडे पाठ फिरवितो. तरुण शेती सोडून जातात, अशी हळहळ सर्वत्र व्यक्त होते. त्याची कारणे अनेक आहेत, आणि भाव व पाणी यांचे प्रश्न एका मेळाव्याने सुटणारे नाहीत. परंतु आपल्या श्रमाकडे कोणीतरी बारकाईने पाहिले, ही जाणीव देणे गावाच्या आवाक्यात आहे.

म्हणून दीर्घ भाषणे आणि हारतुरे आवरते घ्यावेत. सायंकाळी मंडप उतरविण्यापूर्वी जमाखर्च फलकावर लावावा, टाचणवह्या मुलांना परत द्याव्यात आणि पुढील वर्षाच्या नोंदणीची वही तेथेच उघडावी. त्या वहीत बक्षीस न मिळालेल्या मुलामुलींची नावे पुन्हा आली, तर मेळावा यशस्वी झाला असे खुशाल समजावे.